जेवणाच्या टेबलाजवळची भिंत जुन्या आरशांनी सजवायची असेल तर

पुण्यातल्या बऱ्याच टू बीएचके फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या पट्टीत बसवलेलं असतं. त्या पट्टीला स्वतःची खिडकी नसते. दिवसाढवळ्या दिवा लावावा लागतो, आणि शेजारच्या भिंतीवर काय करायचं ते न सुचल्यामुळे तिथे कॅलेंडर किंवा घड्याळ येतं. आमच्याकडे त्या भिंतीवर आता लहानमोठे सात आरसे आहेत. एकही नवा नाही. सकाळी हॉलच्या खिडकीतला उजेड त्यांच्यावर येतो आणि साडेदहापर्यंत टेबलावरचा दिवा लावावा लागत नाही.

सगळा खर्च सहा हजारांच्या आत बसला. त्यातला जवळजवळ निम्मा आरशांच्या किमतीवर झाला, उरलेला ते नीट टांगण्यावर. हे प्रमाण मुद्दाम आधी सांगते आहे. जुना आरसा घासाघीस करून स्वस्तात घ्यावा, पण स्क्रू, गिट्ट्या (भोकात बसवायचे प्लग), पट्ट्या आणि चांगला सुतार यांत काटकसर करू नये. या भिंतीखाली घरातली माणसं रोज बसून जेवणार असतात.

१. बाजारात जाण्याआधी समोर काय आहे ते बघा

बहुतेक लोक आधी आरसा आवडला म्हणून घेतात आणि मग त्याला जागा शोधतात. क्रम उलटा ठेवा. भिंतीवर लावलेल्या आरशात त्याच्या समोरचं दिसणार, त्यामुळे तुम्ही खरं तर समोरची भिंत दुसऱ्यांदा लावत असता. समोर खिडकी, झाड, पुस्तकांचं कपाट, छान दिवा असेल तर खोली खुलते. समोर बाथरूमचं दार, फ्रिजवरचा पसारा किंवा चपलांचा स्टँड असेल तर तोही दुप्पट होतो.

हे तपासायला घरातला एखादा हातआरसा पुरतो. एकाने टेबलाशी रोजच्या खुर्चीवर बसायचं, दुसऱ्याने आरसा भिंतीला सपाट टेकवून हळूहळू सरकवायचा. बसलेल्याने सांगायचं: इथे खिडकी दिसते, इथे बेसिन दिसतं. चांगल्या जागांवर पेन्सिलने बारीक खूण करा. हे प्रत्येक खुर्चीवरून करा, कारण एका खुर्चीवरून खिडकी दाखवणारा आरसा दुसऱ्या खुर्चीवरून स्वयंपाकघराचा ओटा दाखवतो. एकदा सकाळी आणि एकदा रात्री दिवे लावून बघा. छतावरची एलईडी पट्टी थेट डोळ्यांत येत असेल तर ते रात्रीच कळतं.

उंचीचाही निर्णय इथेच घ्या. खुर्चीवर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ४५ ते ४७ इंचांवर येतात. त्या उंचीला नेमका समोर स्वच्छ आरसा असेल तर माणूस स्वतःला घास घेताना बघत बसतो, आणि ते फार थोड्यांना आवडतं. पाहुणे तर अवघडतात. यावर दोन उपाय. आरशांची खालची कड ५० इंचांच्या वर ठेवायची, किंवा डोळ्यांच्या रेषेत डाग पडलेले, पारा उडालेले जुने आरसे लावायचे, ज्यांत उजेड येतो पण चेहरा स्पष्ट दिसत नाही. मला दुसरा उपाय जास्त आवडतो. इराणी हॉटेलांच्या भिंतींवरचे जुने आरसे आठवून बघा. त्यांच्या डागाळलेल्या काचेत दिव्याचा प्रकाश मऊ होतो आणि संगमरवरी टेबलांच्या त्या खोल्या आहेत त्यापेक्षा मोठ्या वाटतात.

२. भिंत कशाची आहे ते ओळखा

किती वजन टांगता येईल ते आरशावर नाही, भिंतीवर ठरतं. एखाद्या कोपऱ्यात, जिथे नंतर फ्रेम येणारच आहे तिथे, बारीक ड्रिल करून बाहेर पडणारी भुकटी बघा.

सुरुवातीला पांढरी भुकटी येते, ती पुट्टीची किंवा जिप्सम प्लास्टरची. ती मोजायची नाही. त्यामागे लाल भुकटी आली तर भिंत विटांची. ही सगळ्यात सोपी. राखाडी-पांढरी, मऊ, पिठासारखी भुकटी आली आणि ड्रिल लोण्यासारखं आत गेलं तर तो एएसी, म्हणजे सिमेंटचा हलका, सच्छिद्र ब्लॉक, ज्याला साइटवर अजून सिपोरेक्स म्हणतात. यात हॅमर मोड बंद ठेवून भोक पाडायचं, नाहीतर भोक मोठं होऊन गिट्टी फिरत राहते. गिट्टीही लांब, ब्लॉकसाठीच मिळते ती घ्यायची. राखाडी कडक भुकटी आणि ड्रिल पुढे जाईना, तर ती आरसीसी. नव्या टॉवरमध्ये मिवान पद्धतीने ओतलेल्या भिंती असतात, म्हणजे आतली भिंतही काँक्रीटचीच. तिथे घरगुती ड्रिलशी झटापट करू नका, रोटरी हॅमर असलेला माणूस बोलवा. मध्येच लोखंड लागलं तर जोर न लावता भोक इंचभर सरकवा.

पेठांतल्या जुन्या घरांत माती-चुन्याच्या भिंती असतात. तिथे प्लास्टिकची गिट्टी धरत नाही. सुतार किंवा जुना वायरमन भिंतीत लाकडी गुटका ठोकून त्यात स्क्रू घेतो, तेच करून घ्या.

सगळ्यात धोक्याची गोष्ट भिंतीच्या आत असते. जेवणाच्या जागेत बेसिन असतं, म्हणजे त्या भिंतीतून पाण्याची लाइन गेलेली असू शकते. वायरिंगचे पाइप सहसा स्विचबोर्डपासून सरळ वर किंवा सरळ आडवे जातात. म्हणून बोर्ड, सॉकेट, नळ यांच्या सरळ रेषेत उभं किंवा आडवं कुठेही भोक पाडू नका. फ्लॅट नवा असेल तर प्लास्टरच्या आधीचे फोटो बिल्डरकडे किंवा कॉन्ट्रॅक्टरकडे मागा, बऱ्याचदा मिळतात.

आणि ओल. बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरत असेल तर आरसे तिच्यावर लावू नका. आरशाच्या मागचा चांदीचा थर ओलाव्याने काळा पडतो आणि तो परत उजळत नाही.

३. भाड्याचं घर असेल तर

लिव्ह अँड लायसन्सच्या करारात भिंतीला भोकं पाडण्याबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा. मालकांना फोनवर विचारलंत तरी उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या, म्हणजे घर सोडताना डिपॉझिटवरून वाद होत नाही. भिंतीचा आधीचा फोटो तारखेसह ठेवा.

परवानगी दोन-तीन भोकांपुरतीच मिळाली तरी काम होतं. भिंतीवर एक आडवी सागवानी पट्टी पक्की बसवा आणि सगळे आरसे तिला हुकाने लटकवा. किंवा भिंतीला लागून बुटकं कपाट ठेवून त्यावर आरसे टेकवा आणि वरची कड एकेका लहान स्क्रूने अडकवून टाका. घरात लहान मूल असेल तर नुसता टेकवलेला आरसा अजिबात नको.

४. आरसे कुठे शोधायचे

पहिली जागा म्हणजे नातेवाईक. लोखंडी कपाट बदललं, ड्रेसिंग टेबल मोडलं, पण आरसा मात्र माळ्यावर गोधडीत गुंडाळून ठेवला, असं घरोघरी असतं. आमच्या सासूबाईंना परक्या घरातला आरसा आणायची कल्पना रुचत नव्हती. त्यांच्या माहेरच्या कपाटाचा लांब आरसा मावशींकडे पडून होता. तो मागवला, मधोमध लावला, आणि बाकीच्यांबद्दल मग त्यांची काही हरकत राहिली नाही. वास्तू मानणाऱ्या घरांत जेवणाच्या टेबलाचं प्रतिबिंब आरशात दिसणं चांगलं समजतात, हेही वडीलधाऱ्यांशी बोलताना उपयोगी पडतं. तडा गेलेला आरसा घरात नको, हा त्यांचा आग्रह मात्र पूर्ण मान्य करा. तडा वाढतो, आणि काच कधी सुटेल ते सांगता येत नाही.

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे सुट्या फ्रेम, सलूनमधले आरसे, पितळी कडांचे छोटे आरसे मिळतात. सकाळी लवकर गेलं तर निवड असते, दुपार उलटल्यावर भाव उतरतो. मला सकाळ पटते. चांगली फ्रेम संध्याकाळपर्यंत राहत नाही.

मुंबईकरांना चोर बाजारातली मटण स्ट्रीट माहीत असतेच. तिथली जुन्या वस्तूंची दुकानं शुक्रवारी बंद असतात. भाव पर्यटक बघून सांगितले जातात, तेव्हा मराठीत किंवा हिंदीत निवांत बोला आणि पहिल्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. मोठे ड्रेसिंग टेबल किंवा कपाटाचे आरसे हवे असतील तर जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार जास्त कामाचा.

गावोगावी मिळणाऱ्या दोन जागा लोक विसरतात. एक म्हणजे सलूनचं नूतनीकरण. तिथून निघणारे आरसे बऱ्याचदा ५ मिमी जाडीचे, उत्तम काचेचे असतात, आणि दुकानदाराला ते लवकर हलवायचे असतात. दुसरी म्हणजे पाडलेल्या वाड्यांचं लाकूड विकणारे. त्यांच्याकडे आरसे नसतात, पण सागवानी खिडक्यांची झडपं असतात. झडपेतल्या काचेच्या जागी काचवाल्याकडून जुना आरसा कापून बसवून घेतला तर एकदम देखणी वस्तू होते. माझ्या भिंतीवरचं सगळ्यांच्या नजरेत भरणारं जे आहे, ते हेच आहे.

ऑनलाइन जुन्या वस्तूंच्या ॲपवरून घेणार असाल तर वस्तू हातात धरून बघेपर्यंत एक रुपयाही पाठवू नका. "मी बदली होऊन चाललोय, टोकन टाका, माणूस पाठवतो" असं म्हणणारा विक्रेता सोडून द्या. आणि पैसे मिळवण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, हे तुमच्या घरचा जुना आरसा विकतानाही लक्षात ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

५. विकत घेताना काय तपासायचं

बाजारात जाण्याआधी जवळच्या काचेच्या दुकानात नव्या आरशाचा चौरस फुटाचा भाव विचारून घ्या. हा आकडा खिशात असला की घासाघीस सोपी होते. बिनफ्रेमचा जुना आरसा नव्याच्या निम्म्या किमतीपेक्षा महाग घेऊ नये, असा माझा नियम आहे. खरी किंमत फ्रेमची असते. काच खराब झाली तर कोणताही काचवाला हिऱ्याने कापून नवी बसवून देतो. तशी फ्रेम आज करून घ्यायची तर सुताराची मजुरीच परवडत नाही.

फ्रेम बघताना कोपरे हातात धरून हलकेच पिळा. सांधा हलला तर चालेल, तो चिकटवता येतो. लाकडाला टाचणीएवढी भोकं असतील तर फ्रेम काळ्या कापडावर ठेवून टिचक्या मारा. बारीक पिवळसर पीठ पडलं तर भुंगा आत जिवंत आहे. ती कितीही सुंदर असली तरी घेऊ नका, तो घरातल्या बाकी लाकडात शिरतो. भोकं आहेत पण पीठ पडत नाही, अशी फ्रेम घेता येते. घरी आणल्यावर मात्र काही आठवडे बाल्कनीत काळ्या कागदावर ठेवून नजर ठेवायची.

काच बघताना आरसा तिरका धरून त्यात सरळ रेषा बघा, दाराची चौकट किंवा विजेचा खांब. रेषा लाटेसारखी हलली तर काच जुनी, हाताने ओढलेली असू शकते, आणि सजावटीला ती फार छान दिसते. कडेच्या काळ्या रेघा, मधले पिंगट ठिपके चालतात. तडा, कडेची खोल टवका उडालेली काच, मागचा रंग पापुद्र्यासारखा सुटलेला आरसा, ही तीन घेऊ नका.

"बेल्जियम काच आहे" हे वाक्य तुम्हाला प्रत्येक दुकानात ऐकू येईल. कडा तिरप्या घासलेल्या दिसल्या की विक्रेते तसं म्हणतात. अशा बेव्हल कडा आज आपल्या इथेही सर्रास काढून मिळतात. म्हणून या एका शब्दासाठी जादा पैसे देऊ नका. मागची बाजू बघा: एकसारखा, गुळगुळीत, ताजा राखाडी किंवा हिरवा रंग असेल तर आरसा अलीकडचा आहे.

फार जुन्या, वाड्यातल्या आरशाबाबत एक सावधगिरी. काचेवर चांदीचा थर चढवण्याची पद्धत लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये शोधली. त्याआधी आणि नंतरही काही काळ आरशामागे कथील आणि खरा पारा असायचा. मागे रंग नाही, नुसता चमकता राखाडी धातूचा थर आहे आणि खालच्या कडेला बारीक थेंब दिसतात, असा आरसा हाती आला तर तो उघडू नका, खरवडू नका, जेवणाच्या खोलीत तर आणूच नका.

अजून एक. दाढीचा किंवा मेकअपचा, चेहरा मोठा दाखवणारा गोल आरसा अंतर्वक्र असतो. तो सूर्यकिरण एका बिंदूवर गोळा करतो आणि पडद्याला किंवा कागदाला आग लागू शकते. ऊन येणाऱ्या खोलीत तो लावायचा नाही.

वजनाचा हिशेब तिथल्या तिथे करता यावा म्हणून हे लक्षात ठेवा: ४ मिमी जाडीचा आरसा चौरस फुटाला सुमारे ९३० ग्रॅम भरतो, ५ मिमीचा सुमारे ११६० ग्रॅम. म्हणजे दोन बाय तीन फुटांचा सलूनचा आरसा नुसता काचेचाच सात किलो. फ्रेमचं वजन वेगळं.

६. घरी आणणं

सोबत न्या: मोजपट्टी, टॉर्च, जाड हातमोजे, दोन जुन्या गोधड्या किंवा चादरी, सुतळी, रुंद चिकटपट्टी, आणि पेन्सिलने खुणा केलेल्या भिंतीचा मोबाइलवरचा फोटो.

आरसा नेहमी उभा धरायचा. आडवा, सपाट धरला की स्वतःच्या वजनाने मध्ये लवतो आणि तडकतो. काचेवर चिकटपट्टीची मोठी फुली मारा, म्हणजे फुटलाच तर तुकडे विखुरत नाहीत. रिक्षात पायाजवळ उभा ठेवता येईल एवढाच आरसा रिक्षाने आणा. मोठ्यांसाठी सगळे एकदम घेऊन टेम्पो करा, वेगवेगळ्या फेऱ्यांपेक्षा स्वस्त पडतो. दुचाकीवर, मागे बसलेल्याने हातात धरून, कितीही लहान असला तरी आणू नका.

७. साफसफाई आणि फ्रेम

आरशावर थेट काहीही फवारू नका. पाणी किंवा अमोनियाचा क्लीनर ओघळून कडेतून मागे शिरतो आणि तिथूनच काळे डाग सुरू होतात. कापड ओलं करा, पिळा, पुसा, लगेच कोरड्या कापडाने टिपा. भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब पुरतात. रंगाचे शिंतोडे असतील तर काच ओली करून ब्लेड अगदी तिरकं धरून काढा.

कपाटाच्या आरशावर हमखास टिकल्यांचा गोंद असतो, वर्षानुवर्षांचा. त्यावर खोबरेल तेल लावून तासभर ठेवा, मग बोटाने निघतो. उरलेला चिकटपणा स्पिरिटच्या बोळ्याने जातो. पितळी कड चिंचेच्या कोळाने किंवा पीतांबरीने उजळते, पण आधी काचेच्या कडेवर चिकटपट्टी लावून घ्या.

जुना रंग घासायचा असेल तर एक गोष्ट गंभीरपणे घ्या. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमवर आणणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. म्हणून कोरडं घासू नका. पाण्याचा पॉलिश पेपर वापरून ओलं घासा, मास्क लावा, काम बाल्कनीत करा, मुलांना लांब ठेवा आणि चिखल कागदाने पुसून पिशवीत बांधून टाका.

सागवानी फ्रेमला ऑइल पेंट लावू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. १२० आणि मग २२० नंबरचा पेपर मारून लाखेचं पॉलिश दिलं की आतले रेषे असे उठून येतात की त्याच्याशी कोणत्याही रंगाची बरोबरी होत नाही. रंग द्यायचाच तर साध्या, मऊ लाकडाच्या किंवा प्लास्टरच्या फ्रेमना द्या. सगळ्या फ्रेम एका रंगात आणण्याची फॅशन आहे. मला ती पटत नाही, कारण मग जुने आरसे आणि दुकानातला नवा सेट यात फरक राहत नाही. दोन-तीन छटांत भिंत बांधली जाते: सागवान, पितळ, आणि एखादा काळा.

बिनफ्रेमच्या कपाटाच्या आरशाला फोटो फ्रेमवाल्याकडून पट्टी मारून घ्या, पण आधी भाव विचारा. लांब आरशाची फ्रेम कधी कधी आरशाच्या तिप्पट किमतीला जाते. मागच्या बाजूला खरवडलेल्या जागा असतील तर तिथे ऑइल पेंटचा एक हात द्या, डाग पसरण्याचा वेग कमी होतो. आणि बिनफ्रेमच्या प्रत्येक काचेला मागून सेफ्टी फिल्म लावा. ती मिळाली नाही तर रुंद चिकटपट्टीच्या जवळजवळ पट्ट्या मारा. हे जेवणाच्या टेबलावरचे आरसे आहेत.

८. मांडणी आधी कागदावर

प्रत्येक आरशाच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापा, त्यावर आरशाचं नाव आणि वजन लिहा, आणि मास्किंग टेपने भिंतीवर चिकटवा. दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. येताजाता बघा, जेवताना बघा, सरकवा.

सुरुवात सगळ्यात मोठ्यापासून करा, तो टेबलाच्या मध्यावर, म्हणजे भिंतीच्या मध्यावर नव्हे. बाकीचे त्याच्याभोवती. दोन फ्रेममधलं अंतर दोन ते तीन इंच ठेवा. याहून जास्त झालं की आरसे एकमेकांपासून तुटतात. सगळा समूह टेबलाच्या लांबीच्या बाहेर फार जाऊ देऊ नका. पाच फुटी टेबलावर चार-साडेचार फूट रुंदीचा समूह बरोबर बसतो. आणि जागा रिकामी राहिली तर राहू द्या. पुढच्या वर्षी एखादा आरसा भेटतोच.

९. टांगणं

लागणारी हत्यारं: हॅमर ड्रिल, ६ आणि ८ मिमीचे बिट, गिट्ट्या आणि स्क्रू, डी-रिंग (फ्रेमच्या मागे स्क्रूने बसवायच्या कड्या), लेव्हल, पेन्सिल, मास्किंग टेप, रबरी किंवा फेल्टचे गोल ठिपके. सोसायटीत ड्रिल कोणत्या वेळात चालवता येतं ते आधी विचारा.

एका खिळ्यावर सुतळीने आरसा लटकवणं बंद करा. तीन किलोंपर्यंतच्या फ्रेमला दोन डी-रिंग, दोन हुक, दोन स्वतंत्र स्क्रू. त्यामुळे आरसा वाकडाही होत नाही. त्याहून जड आरशांना मी सुताराकडून फ्रेंच क्लीट करून घेतले: १८ मिमी प्लायची पट्टी लांबीला ४५ अंशांत चिरायची, एक भाग भिंतीला तीन-चार स्क्रूंनी, दुसरा फ्रेमच्या मागे, आणि एकात एक अडकवायचे. भार सगळ्या लांबीवर वाटला जातो आणि मागे हवा खेळायला जागा राहते. क्लीट फ्रेमच्या लाकडात स्क्रू झाला पाहिजे, मागच्या पातळ फळीत नव्हे. क्लीटला ५० मिमीचे स्क्रू आणि ८ मिमीच्या गिट्ट्या घ्या. प्लायची १८ मिमी जाडी आणि प्लास्टर वजा जाता विटेत किती जातं ते मोजा, कमी वाटलं तर ६५ चा स्क्रू घ्या.

भोक पाडताना कागद भिंतीवर तसाच ठेवा, त्यावरच हुकाची खूण करून आरपार ड्रिल करा आणि मग कागद फाडून काढा. हुकाची जागा काढायची रीत: फ्रेमच्या वरच्या कडेपासून डी-रिंगच्या वरच्या टोकापर्यंत मोजा आणि तेवढंच अंतर कागदावर वरून खाली घ्या.

डी-रिंग जितक्या खाली, तितका आरसा वरून पुढे झुकतो. छतावरचा दिवा डोळ्यांवर येत असेल किंवा टेबल आरशात दिसावं असं वाटत असेल तर उंच लावलेल्या आरशाला हा झुकाव मुद्दाम द्या. मात्र तो हलका असेल तरच.

बिनफ्रेमचा आरसा भिंतीला सिलिकॉनने चिकटवायचा सल्ला काचवाले देतात. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन आरशामागची चांदी खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेली ट्यूब मागा, आणि तिच्या जोडीला खाली दोन क्लिप द्याच. नुसत्या चिकटवण्यावर विसंबू नका. चिकट हुक आणि डबल टेप या कामासाठी नाहीत, विशेषतः पावसाळ्यात.

प्रत्येक फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी ठिपके लावा. भिंतीवर घासा पडत नाहीत आणि मागे हवा राहते. टांगून झाल्यावर टेबल एक दिवस बाजूला ठेवा. हुक जागेवरून हलला आहे का, गिट्टी बाहेर आली आहे का, भिंतीला केसासारखी भेग पडली आहे का, ते बघून मगच टेबल परत लावा.

१०. वर्षातून दोनदा

पावसाळा संपला की आणि दिवाळीच्या आधी प्रत्येक आरसा उतरवून मागे बघायचा. भिंतीला ओल आहे का, लाकडाखाली पीठ पडलं आहे का, स्क्रू सैल झाले आहेत का. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर हुक आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या, साधे एक-दोन पावसाळ्यांत गंजतात. दिवाळीत पणत्या आणि मेणबत्त्या आरशासमोर फार सुंदर दिसतात. त्या फ्रेमपासून हातभर पुढे, टेबलावर ठेवा. काच एका जागी तापली की तडकते, आणि लाखेचं पॉलिश उष्णतेने पांढरं पडतं.